थर्माकोलचे दगड

वर्षाचे अकरा महिने सिल्व्हिओ खोटं कोरत नाही.
शेडमध्ये ग्रॅनाइट, नाकावर फडकं, पाण्याची धार,
आणि नावं:
मुलाने कागदावर लिहून दिलेली,
मग मुलीने फोनवर बदललेली.
एकदा एका अक्षरावरून दोन सख्खे भाऊ
त्याच्या दारात हातघाईवर आले होते.
तेव्हापासून तो प्रत्येक नाव तीनदा वाचून दाखवतो,
मोठ्याने, हजेरी घेतल्यासारखं.

ऑक्टोबर लागला की मात्र
फ्रिजच्या दुकानामागे पडलेला थर्माकोल उचलून आणतो
आणि ब्रेडच्या सुरीने थडगी कापतो.
हॅलोविनपर्यंत त्याच्या हिरवळीवर,
मेपलच्या गळक्या पानांत,
नऊ उभी असतात.
राखाडी रंग. स्पंजाने थोपटलेलं शेवाळ.
अक्षरं मात्र शेडमधलीच,
तशीच टोकदार, मोजूनमापून.

'इथे निजला फ्रँक. शिडी कुणी धरली नव्हती.'
'बर्था. तिला अळंब्या ओळखता येत होत्या.'
'शेजारी. कुत्रा अजून भुंकतोय.'
हे तिसरं माझ्यासाठी. कुत्रा माझा.

मी या बाजूला कुंपणावर कापसाची जाळी ताणतो,
तिच्यावर रबरी कोळी, डॉलरला तीन.
पायरीवर भोपळा.
कितीही ठरवून कोरला तरी दरवर्षी
तो माझ्या मेहुण्यासारखा हसतो.

शनिवारी थिबोडोंची जोसी आली.
सात वर्षांची, पुढचे दोन दात गायब,
अंगात अर्धवट शिवलेलं वटवाघूळ,
एक पंख टाचण्यांवर.
"माझं पण कर," म्हणाली.
"काय?"
"थडगं. माझ्या नावाचं."

मी शिडीवर होतो, दिव्यांची माळ दातांत धरून.
तरी सुरी थांबलेली मला ऐकू आली.

टेकडीवरच्या दफनभूमीत सिल्व्हिओचा स्वतःचा जोडदगड आहे.
चांगला तुकडा वाया जाऊ नये म्हणून फावल्या वेळात कोरलेला:
तो आणि रोझेल, दोघंही धडधाकट,
नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ.
काळ्या दगडावरची रेघ.
आणि रेघेपुढे घासून गुळगुळीत केलेली जागा.
दर मे महिन्यात रोझेल तिथे जाते,
स्वतःभोवतीचं गवत उपटते
आणि घरी येऊन सांगते,
माझा आर जरा कललाय.

"लहान मुलांची मी करत नाही," सिल्व्हिओ म्हणाला.
केली नाहीत असं नाही.
शेडमधल्या वहीत त्यांचं पान वेगळं आहे,
पैशाच्या रकान्यात काही नाही.
हे मला रोझेलने सांगितलंय,
त्याला ठाऊक नाही.

"पण हा दगड खोटा आहे ना?"
"हो."
"मग?"

बराच वेळ त्याने सुरी पँटला पुसली.
मग विचारलं, "शेवटी आय-ई की वाय?"
तिने सांगितलं, दातांच्या फटीतून शीळ घालत.
त्याने तीनदा वाचून दाखवलं.
तिने तीनदा मान हलवली.

नाव. जन्मसाल. रेघ.
"रेघेच्या पुढे काय?"
"रंग ओला आहे. हात लावू नकोस."
त्याची पाठ वळताच तिने तिथे
भोपळ्याचा स्टिकर चिकटवून टाकला.

तीस तारखेच्या रात्री वारं सुटलं.
सकाळी फ्रँक गटारात,
बर्थाचे दोन तुकडे टपालपेटीखाली,
शेजारी सापडलाच नाही, कुत्रा सापडला.
माझी जाळी कुणाच्या तरी गाडीवर.

आणि जोसी
चर्चच्या पार्किंगमधून उतार धावत आली,
एका हातात टोस्ट,
काखेत तिचं थडगं.
शाळेची बस हॉर्न देत होती.
"धर," ती म्हणाली, "पळत होतं,"
आणि बसमध्ये चढली.

सिल्व्हिओने पाय फाकले, गुडघे वाकवले,
कंबर सांभाळत, चाळीस वर्षांच्या सवयीने,
दोन्ही हात खालून घालून
तो दगड उचलला

आणि तो एकदम डोक्याच्या वर गेला.